कापराचे २४ अट्टोसेकंद

कापराच्या डबीत चार मिरे टाकून ठेवायची पद्धत आपल्याकडे अनेक घरांत आहे. कापूर उडून जाऊ नये म्हणून. मिऱ्यांनी तो कितपत थांबतो हा वाद बाजूला ठेवू, पण कापूर उडतो हे खरं. वितळून द्रव होण्याच्या भानगडीत न पडता तो घनरूपातून थेट हवेत जातो. घरात ही त्याची खोड. फ्रान्समधल्या बोर्दो आणि जर्मनीतल्या कासेल इथल्या लेसर प्रयोगशाळांत मात्र याच खोडीमुळे त्याला मान मिळाला. निर्वात पेटीत एकेकटे उडणारे रेणू हवे असतील, तर फार न तापवता आणि मोडतोड न होता वायुरूप होणारा पदार्थ लागतो. शिवाय त्याचे डावे आणि उजवे असे दोन्ही प्रकार वेगवेगळ्या बाटल्यांत शुद्ध मिळायला हवेत. कापूर या अटी पुऱ्या करतो, आणि महागही नाही.

कापराच्या रेणूत १० कार्बन, १६ हायड्रोजन आणि १ ऑक्सिजन. कोणता अणू कोणाला जोडलेला, हे ठरलेलं. तरीही त्यांची अवकाशातली मांडणी दोन तऱ्हांनी होऊ शकते. या दोन मांडण्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात, आणि कशाही फिरवल्या तरी एक दुसरीवर तंतोतंत बसत नाही. सायकलच्या पेडलांचे आटे पाहिलेत तर हे लगेच समजेल. उजव्या पेडलचे आटे नेहमीचे, डाव्याचे उलटे. लांबी, जाडी, आट्यांची संख्या सगळं सारखं. पण उजवं पेडल डाव्या बाजूला बसवायला जाल तर बसणार नाही. अशा रेणूंना कायरल म्हणतात. कापराच्या झाडापासून मिळतो तो कापूर सहसा उजवा. टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनवलेल्या कापरात बहुधा दोन्ही प्रकार निम्मे-निम्मे असतात, आणि आरतीच्या तबकात जळतो तो बहुतांशी हाच.

गंमत म्हणजे आपल्या नाकाला यातलं काही कळत नाही. कार्व्होन नावाच्या रेणूचं एक रूप पुदिन्याच्या एका जातीचा वास देतं आणि त्याचं आरशातलं रूप शेपूच्या बियांचा. तिथे नाक चटकन फरक करतं. कापराच्या दोन रूपांपुढे मात्र ते हात टेकतं. नाकाला न कळणारा हा फरक रेणूतून बाहेर पडणाऱ्या एका इलेक्ट्रॉनला कसा कळतो, आणि तो कळायला किती वेळ लागतो, हा या प्रकरणाचा विषय.

डाव्या-उजव्यातला फरक सांगायचं काम पहिल्यांदा प्रकाशाने केलं. १८१५ मध्ये जाँ-बातिस्त बियो यांना दिसलं, की टर्पेंटाइनसारख्या द्रवांतून ध्रुवित, म्हणजे एकाच पातळीत कंप पावणारा, प्रकाश गेला की त्याची कंपनाची पातळी थोडी वळते. १८४८ मध्ये पंचविशीतल्या लुई पाश्चर यांनी टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक भिंगाखाली धरले. काहींचे पैलू उजवीकडे झुकलेले, काहींचे डावीकडे. चिमट्याने एकेक वेचून त्यांनी दोन ढीग केले, ते पाण्यात विरघळवले. एका द्रावणाने प्रकाश उजवीकडे वळवला, दुसऱ्याने डावीकडे. सत्तरी ओलांडलेल्या बियोंचा यावर विश्वास बसेना. त्यांनी पाश्चरना बोलावून घेतलं, आपल्याकडची रसायनं दिली आणि सगळा प्रयोग डोळ्यांसमोर पुन्हा करायला लावला. विज्ञानातल्या शंकेखोरपणाचं याहून छान उदाहरण मला आठवत नाही.

पुढे १८९५ मध्ये एमे कोताँ यांनी दाखवलं, की डावीकडे फिरणारा वर्तुळध्रुवित प्रकाश आणि उजवीकडे फिरणारा वर्तुळध्रुवित प्रकाश कायरल पदार्थ सारख्या प्रमाणात शोषत नाही. या फरकाला वर्तुळ-द्विवर्णता म्हणतात. आजही औषधांच्या आणि प्रथिनांच्या प्रयोगशाळांत ती रोज मोजली जाते. मात्र तिच्यात एक मूळचा अशक्तपणा आहे. वर्तुळध्रुवित प्रकाशाचं मळसूत्र एक फेरा पुरा करतं ते एका तरंगलांबीत, म्हणजे दृश्य प्रकाशात साधारण ५०० नॅनोमीटरमध्ये. कापराचा रेणू एका नॅनोमीटरपेक्षाही लहान. एवढ्याशा रेणूच्या हद्दीत प्रकाशाचं वळण जवळपास सपाटच भासतं. म्हणून दोन्ही शोषणांतला फरक बहुतेक रेणूंत हजारातून एक ते लाखातून एक एवढाच भरतो. पदार्थ भरपूर असेल आणि मोजायला निवांत वेळ असेल, तर तेवढ्यावर भागतं. पण वेळच नसेल तर?

आणि वेळ नसतोच. डावं-उजवंपण ही रेणूच्या कपाळावरची कायमची खूण आहे, असंच आपण शाळेपासून शिकतो. थॅलिडोमाइडची गोष्ट तर प्रत्येक पुस्तकात असते: एक रूप गुणकारी, दुसरं घातक, वेळीच वेगळी केली असती तर अनर्थ टळला असता. ही गोष्ट अपुरी आहे. थॅलिडोमाइडची दोन्ही रूपं शरीरात एकमेकांत बदलतात; शुद्ध रूप दिलं तरी थोड्या वेळात दुसरं तयार होतं. तो बदल काही तासांचा. पण रेणूवर प्रकाश पडला, त्यातला एखादा बंध ढिला झाला किंवा इलेक्ट्रॉन वरच्या पातळीत गेला, की त्याचं डावं-उजवंपण फार वेगाने वाढतं, घटतं, पुसलं जातं, कधी उलटतंही. कार्बन आणि हायड्रोजनमधला बंध एकदा ताणून आखडायला सुमारे ११ फेम्टोसेकंद लागतात. रेणूचा एखादा भाग पिळला जायला शेकडो फेम्टोसेकंद. इलेक्ट्रॉनांच्या ढगाची हालचाल त्याहूनही चपळ.

या मापांची कल्पना करणं अवघड. एका सेकंदाच्या तुलनेत एक फेम्टोसेकंद म्हणजे सुमारे ३ कोटी १७ लाख वर्षांच्या तुलनेत एक सेकंद. अट्टोसेकंद त्याचाही हजारावा भाग. सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावणारा प्रकाश एका फेम्टोसेकंदात जेमतेम ०.३ मायक्रोमीटर सरकतो. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण सगळं कालमापन त्यावरच चालतं. इतका लहान काळ मोजणारं इलेक्ट्रॉनिक घड्याळ नाही. काळ मोजतात तो अंतराने. लेसरच्या एका स्पंदाचे दोन भाग करायचे. पहिला भाग रेणूला उठवतो, दुसरा मागाहून येऊन त्याची अवस्था तपासतो. दुसऱ्याच्या वाटेतला आरसा केसाच्या जाडीइतका, म्हणजे ७० मायक्रोमीटर मागे सरकवला, की प्रकाशाला जाऊन-येऊन दुप्पट अंतर पडतं आणि स्पंद सुमारे ४७० फेम्टोसेकंद उशिरा पोचतो. या तंत्राने रासायनिक बंध तुटताना पाहिले म्हणून अहमद झेवैल यांना १९९९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. वर्तमानपत्रं याला रेणूंचा चित्रपट म्हणतात. ते पुरतं खरं नाही. दर वेळी नवे रेणू, दर वेळी नवी सुरुवात. आरसा जरासा सरकवायचा आणि तोच प्रयोग लाखो वेळा करायचा. आपण पाहतो ती पुष्कळ रेणूंची सरासरी.

आता अडचण स्पष्ट होईल. फेम्टोसेकंदांचे स्पंद हाताशी आहेत, पण डावं-उजवं ओळखायची जुनी खूण लाखातून एकाएवढी फिकी. विरळ वायूत, निर्वात पेटीत, ती शोधणं जवळपास अशक्य. वाट सापडली ती प्रश्न बदलल्यावर. किती प्रकाश शोषला गेला हे विचारायचं सोडून, प्रकाशाने रेणूतून उपटलेला इलेक्ट्रॉन कोणत्या दिशेला गेला हे विचारायचं.

बर्टन रिची यांनी १९७६ मध्ये कागदावर हे मांडलं होतं. कायरल रेणूंवर वर्तुळध्रुवित प्रकाश टाकून इलेक्ट्रॉन बाहेर काढले, तर प्रकाशाच्या प्रवासाच्या दिशेत पुढे जाणारे आणि मागे येणारे इलेक्ट्रॉन सारखे नसतील. आणि रेणूचं रूप किंवा प्रकाशाचं फिरणं उलटं केलं की हा असमतोलही उलटेल. वाचताना शंका येते: वायूतले रेणू तर वाट्टेल तसे तोंड करून असतात, मग हा फरक सरासरीत मिटून का जात नाही? इथे पुन्हा पेडलच्या आट्यांकडे यावं लागतं. बोल्ट कोणत्याही टोकाने समोर धरा, आटे उजवे असतील तर उजवेच राहतात. नट एका दिशेने फिरवला की तो त्याच बाजूला सरकतो. इथे फिरवण्याचं काम प्रकाश करतो. बाहेर पडता पडता इलेक्ट्रॉन आपल्याच रेणूतल्या अणूंवर आदळत, वळत जातो, आणि त्याला मिळालेली फिरकी पुढे किंवा मागे जाण्यात बदलते. प्रकाशाचं मळसूत्र रेणूपेक्षा कितीतरी मोठं असल्याने इथे बिघडत नाही, कारण रेणूचा आकार तपासण्याचं काम आता प्रकाशाकडे राहिलेलं नाही.

रिची यांचं भाकीत पंचवीस वर्षं पडून राहिलं. २००१ मध्ये ब्रोमोकापरावर, म्हणजे ब्रोमीन जोडलेल्या कापरावर, सिंक्रोट्रॉन नावाच्या प्रचंड यंत्राच्या प्रकाशाने ते पडताळलं गेलं. २०१२ मध्ये कासेलच्या थॉमस बाउमर्ट यांच्या गटाने सिंक्रोट्रॉनऐवजी टेबलावर मावणारा फेम्टोसेकंद लेसर वापरून कापूर आणि फेंचोन यांच्यावर हाच परिणाम दाखवला. फेंचोन हा कापराचा भाऊबंद. तेच अणू, तेवढेच, पण जोडणी वेगळी. बडीशेपेच्या तेलात तो असतो. असमतोल काही टक्क्यांपासून दहा टक्क्यांच्या वरही जातो. लाखातून एक शोधणाऱ्यांसाठी ही मिळकत केवढी, ते सांगायला नको.

इलेक्ट्रॉन कुठे गेले हे पाहायची तऱ्हाही सुरेख आहे. विद्युतक्षेत्राने ते सगळे एका पडद्यावर ढकलतात. जिथे इलेक्ट्रॉन आदळेल तिथे ठिपका चमकतो आणि कॅमेरा तो टिपतो. वेगवान इलेक्ट्रॉन मध्यापासून लांब पडतात, संथ जवळ. डाव्या फिरणीच्या प्रकाशाचं चित्र आणि उजव्या फिरणीच्या प्रकाशाचं चित्र घ्यायचं आणि एकातून दुसरं वजा करायचं. उरतं ते निव्वळ डावं-उजवंपण: एक अर्धं धन, एक अर्धं ऋण. बाटली बदलून दुसऱ्या रूपाचा कापूर सोडला की धन-ऋणाची अदलाबदल होते. आणि आरतीचा निम्मा-निम्मा कापूर सोडला तर चित्र कोरं. ही तपासणी प्रत्येक प्रयोगात करावीच लागते, कारण उपकरणातला बारीकसा तिरपेपणाही खोटा असमतोल दाखवू शकतो.

२०१७ मध्ये बोर्दोच्या गटाने, साम्युएल बोलिओ, यान मेरेस आणि सहकाऱ्यांनी, पुढचा प्रश्न विचारला. पुढे जाणारे आणि मागे येणारे इलेक्ट्रॉन संख्येने वेगळे असतात हे ठीक. पण ते एकाच वेळी निघतात का? रेणू कापराचाच. त्यासाठी त्यांनी अट्टोसेकंदांचे स्पंद वापरले नाहीत, दोन रंगांचा फेम्टोसेकंद लेसर वापरला. एकाच ऊर्जेपर्यंत पोचायला इलेक्ट्रॉनला दोन वाटा मिळतील अशी योजना केली. इलेक्ट्रॉन तरंगासारखाही वागतो, त्यामुळे दोन्ही वाटांचे तरंग एकमेकांत मिसळून कुठे वाढतात, कुठे विझतात. ही नक्षी किती सरकली यावरून उशीर काढता येतो. ८०० नॅनोमीटरच्या प्रकाशाचं एक आवर्तन २.६७ फेम्टोसेकंदांचं, त्याच्या शंभराव्या भागाइतकी सरक ओळखता आली की आपण अट्टोसेकंदांत शिरलो. उत्तर आलं: दोन दिशांतल्या उशिरांत २४ अट्टोसेकंदांपर्यंत फरक. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा ७ नॅनोमीटरच जातो. नाकाला न ओळखता येणारे दोन कापूर या घड्याळावर वेगळे पडले.

मात्र कापूर हा आखडलेला रेणू आहे. त्याच्या कड्यांना आरपार पूल आहे, त्यामुळे तो फारसा वाकत-पिळत नाही. घड्याळ लावायला बरा, हालचाल पाहायला तेवढा नाही. हालचाल पाहायची तर आधी रेणूला उठवावं लागतं. बोर्दोतच २०१६ मध्ये फेंचोनचे रेणू अतिनील स्पंदाने उत्तेजित करून मग वर्तुळध्रुवित स्पंदाने तपासले गेले. नुसते इलेक्ट्रॉन मोजले तर आलेख निमूटपणे उतरताना दिसतो. पुढे-मागेचा असमतोल पाहिला तर त्यात असे जलद बदल दिसतात ज्यांचा मोजणीत मागमूसही नाही. रेणू आतून सावरत असतो, आणि ते सावरणं फक्त त्याच्या डाव्या-उजवेपणात उमटतं.

माझ्या मते या विषयातला सगळ्यात नाट्यमय प्रयोग २०१९ चा, झुरिचच्या ईटीएचमधला. हान्स याकोब व्यॉर्नर यांच्या गटाने २-आयोडोब्युटेन घेतलं. त्यातला एक कार्बन चार वेगवेगळ्या गटांना जोडलेला, त्यातला एक आयोडीन. म्हणून रेणू कायरल. अतिनील स्पंद पडला की आयोडीन सुटून जातं आणि उरलेला तुकडा कायरल राहत नाही. म्हणजे इथे डावं-उजवंपण मरताना पाहता येतं. तपासणीची पद्धत निराळी: तीव्र लेसर रेणूतला इलेक्ट्रॉन बाहेर ओढतो, क्षेत्र उलटल्यावर तोच परत येऊन आदळतो आणि त्यातून उच्च वारंवारतेचा प्रकाश निघतो. घरी परतलेला इलेक्ट्रॉन घराचा आकार सांगतो. खूण हळूहळू फिकी होत शून्यावर येईल, अशीच कोणाचीही अपेक्षा असणार. झालं वेगळंच. पहिल्या १०० फेम्टोसेकंदांत ती खूण आधी उलटी झाली, धनाची ऋण. मग चांगलीच वाढली. आणि त्यानंतर ५०० फेम्टोसेकंद पुरे व्हायच्या आत नाहीशी झाली. बंध ताणला जात असताना इलेक्ट्रॉनांच्या पातळ्यांमधले विद्युत आणि चुंबकीय दुवे बदलत जातात, त्याचा हा परिणाम. सुरुवातीचा आणि शेवटचा रेणू तेवढा पाहणाऱ्याला मधल्या या उलथापालथीचा पत्ताच लागला नसता.

तिथे निदान अणू हलत होते. २०२४ मध्ये हॅम्बर्गच्या डेझी संस्थेत व्हँसाँ वानी, फ्रान्चेस्का कालेगारी आणि सहकाऱ्यांनी अणू हलायच्या आतला बदल पकडला. त्यांचा रेणू मिथाइल लॅक्टेट, दह्यातल्या लॅक्टिक आम्लाचं एस्टर. अतिनील स्पंद इतके आखूड केले की मोजमापाची सूक्ष्मता २.९ फेम्टोसेकंदांवर आली. असा स्पंद रेणूतल्या इलेक्ट्रॉनला एकाच वेळी अनेक वरच्या पातळ्यांत टाकतो, आणि त्या पातळ्यांच्या ठेक्यांतल्या फरकामुळे इलेक्ट्रॉनांचा ढग रेणूत मागे-पुढे झुलतो. या झुलण्याबरोबर पुढे-मागेचा असमतोलही कमीजास्त होत राहिला, आणि १० फेम्टोसेकंदांच्या आत त्याचं चिन्ह उलटलं. कार्बन-हायड्रोजन बंधाला एक हेलकावा घ्यायला लागतात ११. रेणूचा सांगाडा जागच्या जागी. त्याचं डाव्या-उजव्याला दिलेलं उत्तर मात्र उलटं. सांगाडा कोणत्या हाताचा हे ठरलेलं असलं, तरी प्रकाशाला तो कसा सामोरा जाईल हे क्षणाक्षणाला बदलतं, याचा हा सरळ पुरावा.

हे सारं झालं वायूत. औषधं, प्रथिनं, पेशी पाण्यात काम करतात, आणि पाण्यात ही युक्ती लंगडी पडते: बाहेर पडणारा इलेक्ट्रॉन दोन पावलं टाकतो न टाकतो तोच शेजारच्या रेणूंवर आपटून दिशा विसरतो. तिथे पुन्हा कोताँच्या फिक्या खुणेकडेच वळावं लागतं, या वेळी फेम्टोसेकंदांच्या हिशेबाने. पॅरिसजवळच्या एकोल पोलितेक्निकमध्ये फ्रांस्वा आश यांनी वर्षानुवर्षं हे चिकाटीचं काम केलं. त्यांच्या आवडीच्या बायनॅफ्थॉलमध्ये दोन सपाट पाट एकाच बंधाने जोडलेले असतात, आणि त्यांच्यातल्या पिळामुळेच रेणू डावा किंवा उजवा ठरतो. प्रकाश पडल्यावर हा पिळाचा कोन कसा बदलतो, ते त्यांनी द्विवर्णतेच्या बदलावरून काढलं.

लोझानच्या ईपीएफएलमध्ये मल्टे ओपरमन आणि मजीद शेर्गी यांच्या गटाने हे मोजमाप खोल अतिनील प्रदेशात नेलं. २०२२ मध्ये त्यांनी लोहाच्या एका संयुगाचा छडा लावला. त्यात लोहाच्या अणूभोवती तीन सेंद्रिय घटक पंख्याच्या पात्यांसारखे बसलेले असतात, डाव्या किंवा उजव्या पिळाने. प्रकाश पडला की लोह उच्च-फिरकी (हाय-स्पिन) अवस्थेत, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या फिरकीची जुळणी बदललेल्या वरच्या अवस्थेत, जातं आणि थोड्या काळाने खाली उतरतं. हे उतरणं सगळ्या पात्यांच्या एकसारख्या आकुंचन-प्रसरणातून होतं, असं धरून चालत. द्विवर्णतेच्या झपाट्याने बदलणाऱ्या खुणेने दाखवलं, की खरी वाट पिळण्याची आहे. वाट कळल्यावर ती अडवताही आली. संयुगाच्या शेजारी ठरावीक हाताचा एक ऋण आयन जोडीला ठेवला, त्यामुळे पिळणं अवघड झालं, आणि उच्च-फिरकी अवस्थेचं आयुष्य चौपट वाढलं.